सिमेंट घट्ट व्हायच्या आत

अकोल्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन चाललंय आणि मी बाहेर बाकावर बसलोय. मघाशी थिएटरचं दार उघडलं तसा नेलपॉलिशसारखा उग्र वास आला. कृत्रिम सांधा हाडात बसवायच्या सिमेंटचा.

त्या वासासरशी मी अमरावतीच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये पोचलो. मे महिना, लाइन गेलेली, कूलर बंद. प्रोजेक्टमधली माझी जोडीदार, वरूडची सुनंदा, आणि मी याच सिमेंटचं शेवटचं पाकीट वाटीत कालवत होतो. त्यावर छापलेली घट्ट व्हायची वेळ थंड खोलीतली आहे, गरमीत ते फार लवकर घट्ट होतं, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

"हात चालव न बे, घट्ट होऊन राहिलं!" ती ओरडली.

साच्यात ओतायला मी वाटी कलती केली, तर चमचा आत रोवल्यासारखा उभा. वाटी हाताला चटके देत होती.

"पेशंट टेबलावर असता तं?" सरांनी एवढंच विचारलं. मला तेव्हा फक्त मार्कांची धास्ती होती.

आत्ता डोक्यावरचा पंखा थांबला. मी धावत दाराशी गेलो.

"जनरेटर हाय न भाऊ, कावून घाबरता?" नर्स म्हणाली.

"ताई, एसी गेला तर आत कालवलेलं सिमेंट लवकर घट्ट होईल. सांधा बसवून झाला का, तेवढं सांगा."