पॉवर स्टेअरिंग लावलं आणि आई गाडी चालवायला लागली

आधी हे क्लिअर करते की पॉवर स्टेअरिंगची आयडिया माझीच होती. मिस्त्री मीच शोधला, पप्पांच्या मागे मीच लागले, मोहनेहून ठाण्याला गाडीही मीच घेऊन गेले. आणि त्यानंतर दोन महिने मी इतकी जळले, इतकी जळले की... थांबा, नीट सांगते.

आमच्याकडे आजोबांची गाडी आहे. पूर्वी काळी-पिवळी टॅक्सी असायची ना, तीच. फक्त आमची दुधी रंगाची. गोल दिवे, सोफ्यासारखी सीट, गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या बाजूला. आणि स्टेअरिंग म्हणजे बापरे! मोठं, पातळ चाक, पण इतकं जड की खांद्यातून जोर काढून ओढायला लागायचं. पप्पांचा नियम होता, उभ्या गाडीत ते फिरवायचंच नाही. गाडी जरा सरकू दे, चाकं फिरायला लागू दे, मग ओढ. आमच्या गेटबाहेर लगेच काटकोनात वळण आहे आणि समोर शेजाऱ्यांचा ओटा. तिथे ही ट्रिक जमली नाही की संपलं. बाजूच्याच घरात राहणारे माझे काका दोनदा त्या ओट्यावर गाडी ठोकून बसलेत. अख्ख्या खानदानात ते वळण दोघांनाच जमायचं. पप्पांना आणि मला.

आता ही गोष्ट एवढी मोठी का? कारण आमच्या घरातली प्रत्येक नवरी याच गाडीतून हॉलला जाते. आणि गाडी चालवणाऱ्याला नवरीचा बाप सगळ्यांसमोर टॉवेल, टोपी आणि नारळ देतो. ती टोपी आधी आजोबांना मिळायची, मग पप्पांना मिळत गेली. आणि काकांची मुलगी, आमची ताई, मला कधीपासून सांगून बसलेली, "माझ्या लग्नात तूच. पोरगी चालवणार म्हणजे चालवणार." मी तर टोपी घालून सेल्फी कुठे काढायचा तेही ठरवून ठेवलेलं.

मग पप्पांचा खांदा आखडला. हात वर जाईना, शर्ट घालायला आई लागायची. तरी गाडी विकायचं नाव काढलं की चिडायचे. मी मोबाईलवर शोधून शोधून ठाण्यातला एक मिस्त्री काढला, जो जुन्या गाड्यांना पॉवर स्टेअरिंग लावून देतो. मी तीन दिवस त्याच्या गॅरेजमध्ये जाऊन बसले. त्याने डॅशबोर्डखालचा रॉड कापून मध्ये एक छोटी मोटर बसवली, बॅटरीवर चालणारी. मोठं चाक काढून छोटं लावलं. म्हणाला, "अब ताकद का काम मोटर करेगी, बडे चाक की जरूरत नहीं." मोटरचा फ्यूज कुठे असतो तेही मला दाखवलं. जुनं चाक मी घरी आणून पडवीत खिळ्याला टांगलं. येताना एका बोटाने गाडी चालवली. एका बोटाने! मी एकटीच गाडीत ओरडत होते.

आणि पुढच्या रविवारी आई बाहेर आली, हात पदराला पुसत, आणि म्हणाली, "मी बघू का जरा?"

आईकडे लायसन्स होतं, आम्ही विसरूनच गेलेलो. लग्न झाल्यावर तिने क्लास लावून काढलेलं. मग एकदाच ही गाडी गेटपर्यंत नेलेली, ते वळण जमलं नाही, सगळे हसले, आणि त्यानंतर ती कायम मागच्या सीटवर. ती बसली. सीट पुढे ओढली. गेटबाहेर गेली, आणि ते वळण लोण्यासारखं घेतलं!

"वाह!" पप्पा म्हणाले. "काय वळण घेतलंस गं!"

वाह. मला गाडी शिकवताना पप्पा दोनच शब्द बोलायचे, "क्लच हळू." आणि वळण जमलं की गप्प. मी तेच कौतुक समजायचे.

मग काय, आई सुटलीच. भाजीला गाडी, आंबिवलीला गाडी, ठाकुर्लीला मावशीकडे गाडी. मी बसायला जावं तर सीट पुढे, गुडघे स्टेअरिंगला. आरशाला तिची केसांची क्लिप. गाडीत तिच्या गजऱ्याचा वास. पप्पा बाजूला बसून जगाला सांगणार, "हिचा हात बघा किती हलका आहे." अरे, हात नाही, मोटर आहे ती! मी लावलेली! ग्रुपवर मी रोज हे टाइप करायचे, मैत्रिणी हसायचे इमोजी टाकायच्या. स्वतःच्या आईवर कोण जळतं?

लग्नाच्या आदल्या आठवड्यात ताई आमच्या किचनमध्ये आली, चहात बटर बुडवत म्हणाली, "काकी, माझी गाडी तूच चालव ना. तुझ्याबरोबर मला टेन्शन नाही येणार." मग माझ्याकडे बघून, "तुला चालेल ना गं?"

"चालेल की," मी म्हटलं. "मला काय!"

लग्नाच्या दिवशी सकाळी सगळे आंघोळी आणि इस्त्रीच्या गडबडीत होते, तेव्हा मी गाडीत वाकले आणि फ्यूज काढून बटव्यात टाकला. माझं लॉजिक एकदम सिंपल होतं. मोटर बंद म्हणजे गाडी पहिल्यासारखी जड. आईला वळणार नाही. मला वळेल.

ताई शालू सावरत मागे बसली. काकांनी नारळ फोडला, बेंजोवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. आईने गाडी गेटबाहेर काढली आणि स्टेअरिंग फिरवायला गेली. फिरेना.

"अगं, हिला झालं काय?"

"सरक आई," मी तयारच उभी होते. "मी बघते."

ती बाजूच्या सीटवर सरकली. मी बसले, गाडी जरा सरकू दिली, आणि खांद्यातून ओढलं. काहीच नाही. परत ओढलं. चाक जेमतेम चार बोटं हललं आणि गाडीचं नाक ओट्यापासून वीतभर. तेव्हा ट्यूब पेटली. सगळा जोर मोठ्या चाकाचा होता, आणि ते पडवीत खिळ्याला! या छोट्या चाकावर हाताला पकडच नव्हती, वर बंद मोटरचं ओझं. मी नऊवारीत घामाघूम, मागे बेंजो जोरात, ताई म्हणतेय, "अगं, मुहूर्त!"

काका खिडकीशी आले. "काय गो, टॉवेल नंतर देतो, पहिली गाडी तर वळव! नायतर मी ठोकतो, मला सवय हाय." सगळे हसले.

पप्पा नाही हसले. ते पुढे आले, खिडकीतून हात घातला आणि स्टेअरिंग ओढलं. त्या खांद्याने. त्यांच्या तोंडातून असा आवाज आला की बेंजोतही मला ऐकू आला.

"सोडा पप्पा! हात काढा!" मी गाडी बंद केली, बटव्यातून फ्यूज काढला आणि डॅशबोर्डखाली वाकून बसवला. गाडी चालू केली. स्टेअरिंग एका बोटाने फिरलं.

आईने बटवा बघितला, फ्यूज बघितला, मला बघितलं. मी उतरले, तिला जागा दिली. तिने सीट पुढे ओढली आणि वळण घेतलं.

हॉलच्या दारात काकांनी आईच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली. आईने टोपी काढलीच नाही, अंबाड्यावर तिरकी तशीच ठेवून सगळीकडे फिरली. मी टाळ्या वाजवल्या. जळत होते, तरी वाजवल्या.

जेवणं झाल्यावर पप्पा मोबाईल घेऊन कोपऱ्यात गेले, डाव्या हाताने खांदा दाबत. "त्या ठाण्याच्या मिस्त्रीला सोडत नाही आज. लग्नाच्या दिवशी बंद पडतं म्हणजे काय!" आई शेजारीच उभी होती. तिला सगळं माहीत होतं. तिने माझ्याकडे बघितलं.

"पप्पा, नका लावू फोन," मी म्हटलं. "मी काढलेला फ्यूज."

"का?"

"टोपीसाठी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आईकडे, तिच्या डोक्यावरच्या टोपीकडे. मला वाटलं आता पडणार एक. पण ते म्हणाले, "गाडी बिघडली असती तर? ताई मागे बसलेली तुझ्या." आणि निघून गेले. एक पडली असती तर बरं झालं असतं.

घरी जाताना आई चालवत होती, मी मागच्या सीटवर. अर्ध्या रस्त्यात ती आरशातून म्हणाली, "मी बावीस वर्षं बसले तिथे. तू एक दिवस बस."

आता टोपी पडवीत आहे, जुन्या चाकावर अडकवलेली. आईनेच अडकवली. येता-जाता मला दिसते, आणि खरं सांगू, अजून हवीच आहे.