नाक्यावरची शीतला आणि रोमचे लारेस

सरकारी नोकरीतल्या नवऱ्याची बदली कोलकात्यात गार्डन रीचला झाली आणि मला एस्प्लनेडजवळच्या एका कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवायला मिळाला. सकाळी मी जिथे ऑटो धरायचे त्या नाक्यावर कडुलिंबाखाली शीतलादेवीचं ठाणं होतं. शेंदूर फासलेले दोन दगड, वर पत्रा. एक म्हातारी ते झाडायची, पाणी घालायची. सगळे तिला माशी म्हणत, म्हणजे मावशी. माझ्या मराठी तोंडाला तो शब्द जड जायचा, म्हणून मी मावशीच म्हणायचे. तिला चालायचं.

मग ठाण्याला सरकारी अनुदान मिळालं. फरशा बसल्या, स्टीलचं दार आलं, पगारी पुजारी आला. अनुदान आणणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो देवीशेजारी लागला. दाराला कुलूप आणि मावशी बाहेर.

तिनं मला गाठलं. "दीदी, तुम्ही सरकारी माणसं. देवीची सेवा मला परत मिळावी, असा एक अर्ज लिहून द्या."

नवरा म्हणाला, आपण परके, यात पडू नकोस. तरी मी लिहिला, हिंदीतून, आणि स्वतः सरकारी कचेरीत नेऊन दिला. तिथल्या साहेबांनी चहा दिला. बाईंकडे काही कागद आहे का, म्हणाले. कागद कुठून असणार? तिच्या सासूनं झाडू हातात दिला होता, एवढंच.

त्याच आठवड्यात वर्गात रोमचे लारेस आले. गल्लीगल्लीच्या चौकात या रक्षक देवतांची ठाणी असत, त्यांची सेवा गुलाम आणि मुक्त झालेले गुलाम करत. पहिल्या सम्राटानं त्यांना राजाश्रय दिला, नव्या मूर्ती दिल्या आणि त्यांच्या जोडीला स्वतःच्या रक्षक आत्म्याची पूजा सुरू करवली. मी हे नेहमी पुनरुज्जीवन म्हणून शिकवत आले होते. एका मुलीनं विचारलं, आधीपासून सेवा करणाऱ्यांचं काय झालं? काहींना मानाची पदं मिळाली, मी म्हटलं.

"आणि बाकीच्यांचं?"

शिलालेखांत पदं मिळालेल्यांचीच नावं असतात, इतकंच मला सांगता आलं.

महिनाभर मावशी बंद दारासमोरचा रस्ता झाडत राहिली. पुजाऱ्यानं तेही नको म्हटल्यावर भाचीकडे गावी जायला निघाली. मी तिला सियालदह स्टेशनवर पोचवायला गेले. गर्दीत तिचं बोचकं मीच धरलं होतं. रागावली असेल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली, "देवीला पक्कं घर मिळालं. पावसात भिजायची बिचारी."

गाडीत बसल्यावर खिडकीतून तिनं विचारलं, "अर्जाचं उत्तर आलं तर कळवाल ना?"

मी हो म्हटलं. तिच्याकडे फोन नव्हता, आणि गावाचं नावही मी विचारलं नव्हतं. ते लक्षात येईपर्यंत गाडी हलली होती.