उसन्या बॅटऱ्यांची नाव

सूर्यभान खिल्लारे जिंतुरात पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा. पोट दुकानावर चाले, पण जीव त्याचा नावेत. येलदरी धरणाच्या पाण्यावर सहलीसाठी पेट्रोलवर चालणारी एक जुनी नाव होती. मालक कंटाळला तेव्हा सूर्यभानने ती घेतली. रविवारी शिक्षकांची कुटुंबं, नवी जोडपी येत आणि एक चक्कर मारून जात. इंजिन असं बोंबले की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नसे, आणि मागे पाण्यावर तेलाचा तवंग राही.

शेवटी मासेमारांचे चेअरमन माणिकराव काठावर येऊन उभे राहिले.

"मिस्तरी, तुमच्या या फटफटीनं मासा जाळ्याकडं फिरकंना. संक्रांतीपतोर आवाज बंद करा, न्हाईतर नाव पाण्याबाहेर काढा."

"करंटवर चालवतो."

"करंटवर? वायर कुठवर ओढताव, पलीकडल्या काठापतोर?"

सगळे हसले. सूर्यभानला ते हसणं झोंबलं.

आधी त्याने ट्रॅक्टरची स्टार्टर मोटार बसवली. घटकाभरात तिचा धूर निघाला. क्षणभर इंजिन उठवण्यापुरती ती मोटार. हे त्यालाही ठाऊक होतं, तरी घाई नडली. मग एका बंद पडलेल्या टॉकीजमधून, पडद्यावर चित्र टाकणाऱ्या दिव्याला करंट पुरवणारं जनित्र त्याने मिळवलं. त्याला उलटा करंट दिला की ते मोटारीसारखं फिरे. पण त्यासाठी सहा बॅटऱ्या हव्या होत्या, आणि नव्या घेण्याची ऐपत नव्हती.

तोड बायकोने काढली. पंचफुला म्हणाली, "शेत पडून ऱ्हायलं तर गाव आपापले बैल घेऊन येतंय, इर्जिक करतंय. बैलाची इर्जिक व्हती, मग बॅटऱ्याची कामून न्हाई?"

पेरण्या उरकून ट्रॅक्टर उभेच होते. सूर्यभान काठच्या गावांतून फिरला. कुणी हसत दिली, कुणी कुरकुरत. पाच जमल्या.

सहावी आपल्या पायाने चालत आली. दत्तराव पाटील स्वतः जीपमध्ये घालून घेऊन आले. नामांतराच्या दंगलीनंतर त्यांच्या गावची एकही मोटार सूर्यभानच्या दुकानाची पायरी चढली नव्हती. जळालेले पंप पार परभणीला जात, पण त्याच्याकडे नाही.

"घे, माझी बी लाव," दत्तराव म्हणाले. "समद्यांच्या हायेत अन् माझी न्हाई, हे बरं दिसतंय का?"

ते चहा घेऊन गेले. सूर्यभानने काचेच्या नळीने आम्ल ओढून पाहिलं. बॅटरीच्या एका घरात नळीतला चार्ज दाखवणारा तरंगक वर उठेचना.

"काय झालं वो?" पंचफुलाने विचारलं.

"एक घर मेलंय."

"मग द्या की परत."

"कसं देऊ? इतक्या वर्सांनी माणूस दारात आलाय."

"दारात आला म्हणून आजारी बैल औताला जुपायचा का?"

ती बॅटरी तो वेगळी चार्ज करत राहिला. खाली धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होत होती आणि वर काठावर, नावेसाठी घातलेल्या त्याच्या झोपडीत चार्जरचा काटा घटका घटका मेल्यासारखा पडून राहायचा. वीज आली की गेली, गेली की आली. सूर्यभान बल्बला शिव्या देई.

संक्रांतीला माणिकराव नावेत बसले. दत्तरावही बसले, पुढच्या फळीवर, फेटा बांधून. सूर्यभानने खटका दाबला आणि नाव निघाली. माणिकरावांनी कान टवकारले.

"आयला! चालायलीय का वाहायलीय?"

पलीकडचं टेकाड आलं. नाव वळली, आणि परतीच्या वाटेवर मधोमध मंदावत उभी राहिली. कुजक्या अंड्यासारखा वास सुटला. वारा नावेला बुडालेल्या बाभळींकडे ढकलू लागला.

"काय रे, गेला का करंट?" दत्तराव हसले.

सूर्यभानने राग कुणाचा करावा? पाटलाचा, की बॅटरी घेताना "लय उपकार झाले" म्हणणाऱ्या आपल्याच जिभेचा? त्याने पाना घेतला, दत्तरावांची बॅटरी सोडली आणि तिच्या अलीकडची तार पलीकडच्या बॅटरीला जोडली.

"माझीच कामून सोडली?"

"मेलेली हाय, पाटील. आणली तवाच मेलेली व्हती."

दत्तरावांचं हसू गेलं. "मग तवाच कामून न्हाई सांगितलं? आता चार लोकांत, पाण्यात बसवून सांगायलास?"

पाटील या एका गोष्टीत खरे होते, आणि तेच सूर्यभानला सहन होईना.

नाव हळूहळू काठाला लागली. माणिकराव उतरले. "आवाज न्हाई, तेल न्हाई. ऱ्हाऊ द्या पाण्यात." दत्तराव तडक जीपमध्ये जाऊन बसले.

आठवडा उलटायच्या आत त्यांचा गडी येऊन बॅटरी घेऊन गेला. पाठोपाठ त्यांच्या भावकीतल्या दोघांनी आपापल्या नेल्या. एक म्हणाला, "नांगरट काढायचीय." नांगरटीला अजून अवकाश होता. तीन बॅटऱ्या उरल्या.

"झाली इर्जिक!" सूर्यभान बायकोवर खेकसला.

"इर्जिक माझी, मुकं बसणं तुमचं," ती म्हणाली.

रविवारी एक गुरुजी कुटुंब घेऊन आले. ते दत्तरावांच्याच गावात शिकवायचे. नाव म्हशीसारखी पाण्यात रेंगाळत होती.

"मिस्तरी, आपण निघालोय का अजून?"

"निघालोय."

"काठाकाठानं पायी गेलो असतो तर पोचलो असतो की! जरा जोरात घ्या."

"जोर पायजे तर दत्तराव पाटलाकडं जाऊन बॅटऱ्या मागा, गुरुजी. त्यांच्या गावातच असताव तुमी. म्या न्हाई मागणार."

गुरुजींनी बायकोकडे पाहिलं, मग पाण्याकडे. मग बाही वर सारून ते हातानेच पाणी मागे ढकलू लागले.