बादल उडीआधी थांबला

मंडळी, सकाळपासून मन लागत नाहीये, म्हणून लिहितेय.

माझ्या आठ वर्षांच्या मुक्ताला तोल सांभाळता येत नाही. गंगापूर रोडच्या एका तबेल्यात ती गेली तीन वर्षं थेरपीसाठी बादल नावाच्या घोड्यावर बसते. ती जराशी कलली की तो जागच्या जागी थांबतो. तसंच शिकवलंय त्याला.

बादल पूर्वी स्पर्धेत उड्या मारायचा. इथे गोल गोल फिरून कंटाळत असेल बिचारा, असं मीच सारखी म्हणायचे.

आज तिथल्या प्रशिक्षक सरांनी त्याच्यावर बसून त्याला उडीसाठी मैदानात घेतलं. काय धावला! कान टवकारलेले, शेपटी वर. असा बादल मी कधी पाहिलाच नव्हता. अडथळ्यापाशी सर पुढे झुकले आणि तो खाडकन थांबला. सर पडता पडता वाचले. चिडून त्यांनी छडी मारली, तरी तो हलला नाही.

त्याची देखभाल करणारे खंडूकाका म्हणाले, "ताई, त्याला वाटलं पोर पडतंय. कसा हलंल तो?"

नंतर मुक्ता बसली. कलली. तो थांबला.

रोज मी त्याला शाब्बास म्हणते. आज त्याच थांबण्यासाठी त्याने छडी खाल्ली होती; मी नुसती त्या जागी हात फिरवत राहिले. तुम्ही काय म्हणाला असतात?