बिबड्यांचं ऊन

आमच्या पारोळ्याच्या घरावर सोलर बसवायचं खूळ माझंच. वैशाखात आमच्याकडे पंखा नुसती गरम हवा खाली ढकलतो. कूलर होता, पण सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, बिलाच्या धाकाने तो पाहुणे आले तरच लावत. गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर पॅनल बसले आणि अक्का भर दुपारी कूलरसमोर पाय पसरून चक्क घोरल्या. मला इतकं बरं वाटलं की मी गल्लीभर सांगत सुटले.

गच्चीवरचं ऊन आपण पळवलंय, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. दर चैत्रात अक्का ज्वारीचं आंबवलेलं पीठ पहाटे शिजवतात, गच्चीवर ओल्या धोतरावर पातळ थापतात. वाळून पापडासारख्या कडक झालेल्या बिबड्यांचे डबे दोन्ही लेकींकडे जातात. यंदा गच्चीवर बघावं तिकडे पॅनल, नाहीतर त्यांची सावली. "बाजारातून आणू ना," मी म्हणाले. अक्का धोतराची घडी घालून आत गेल्या. पटलं असेल, असं मी धरून चालले. एवढी वर्षं एका चुलीवर जेवून माझी अक्कल ती एवढीच.

चार दिवसांनी मोबाइलवर सोलरचं ॲप बघते तर वीज निम्म्यावर आलेली. माझं डोकंच फिरलं. सोलर बसवणाऱ्याला फोनवर असा झापला की बिचारा भर उन्हात धावत आला. वर गेला आणि तिथूनच म्हणाला, "ताई, तुम्हीच वर या."

पॅनलच्या खालच्या रांगेवर धोतर अंथरलेलं, त्यावर ओळीने बिबडे. बाजूला डोक्यावर पदर ओढून अक्का पाखरं हाकत बसलेल्या.

"अक्का, काय हे? एवढं वय झालं, कळायला नको?" परक्या माणसासमोर मी हे बोलले.

"बठ्ठं ऊन तठेच शे, माय," त्या म्हणाल्या. "मंग मी कोठे जाऊ?" सगळं ऊन खरंच तिथेच होतं.

आणि त्यांनी धोतर ओढलं. अर्धे ओले बिबडे दुमडले, फाटले. मग त्या पदराने पॅनलची काच पुसायला लागल्या, चोरी पकडली गेल्यासारख्या. मला माझीच शरम वाटली.

"भाऊ, ही खालची रांग काढून टाका," मी म्हणाले.

"ताई, थोडं बिल येईल मग."

"येऊ द्या."

रांग निघाली. पुढच्या पहाटे पिठाचं पातेलं मीच वर नेलं. मी थापलेले बिबडे वाकडेतिकडे झाले, कडेला जाड. अक्का बघत होत्या, पण नावं ठेवली नाहीत.

यंदा त्यांनी तीन डबे भरले. दोन लेकींना गेले. तिसऱ्याला लेकींच्या डब्यांसारखंच फडकं बांधून त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला. "हाऊ तुना," म्हणाल्या, आणि कूलर लावायला आत गेल्या.