रुपरावाचा कूलर अन् दोन कुरडया

रुपरावाने धुतलेला फ्लास्क उजेडात धरला, तर तो हातात आहे की नाही तेच कळत नसे. नागपूरच्या एका कॉलेजात, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, गडी एकतीस वर्षं काचसामान धूत होता. आधी साबण, मग नळाचं पाणी, मग तीन वेळा डिस्टिल्ड वॉटर, मग ओव्हन. खुद्द प्रिन्सिपल घाई करत उभे राहिले तरी तिसरं पाणी चुकायचं नाही. माणूस तसा गोड, पण या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसे.

त्याचा दुसरा अभिमान म्हणजे लॅबमधला कूलर. होळी आटोपली की तो स्वतः टाकी घासे, वाळ्याची नवी खस भरी, मोटरीला तेल देई. एप्रिल लागला की सगळं डिपार्टमेंट चहाला तिथेच येऊन बसे. "रुपरावभाऊ, काश्मीर केलं गा तुम्ही," असं कोणी म्हटलं की स्वारी दिवसभर खूश.

त्या वर्षी लॅबमध्ये मयुरा नावाची पोरगी पीएचडी करत होती. हिंगण्याच्या, लोखंडावर जस्ताचा मुलामा देणाऱ्या एका प्लेटिंग कारखान्यातला वाळवलेला गाळ ती आणी, आणि त्यातलं जस्त एका दाट, मधासारख्या द्रवात ओढून काढी. आयॉनिक लिक्विड म्हणायचे त्याला. ॲसिड अन् ईथरच्या वासात हयात गेलेल्या रुपरावाला त्या बाटलीचं भारी नवल.

"ह्याले वास काहून नाही वं पोरी?" त्याने एकदा विचारलं.

"काका, हे मीठच आहे. वेगळ्या जातीचं, गरम न करताही पातळ राहतं. हवेत उडत नाही, म्हणून वास नाही. ॲसिड ओतून गाळ धुण्यापेक्षा हे बरं, जस्त निघतं अन् हेच परत वापरता येतं."

डिसेंबर ते मार्च काम झकास चाललं. गाळातल्या जस्ताचे शंभरातले नव्वद भाग हाती यायचे. एप्रिलमध्ये आकडा घसरला. सत्तर, मग साठ. मे उजाडला तर पन्नासही धड नाही. जूनमध्ये थिसिस द्यायचा, अन् पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या गाईड श्वेता मॅडमनी मशीन तपासून घेतलं, नवी बाटली मागवली, गाळही बदलून पाहिला. मग एक दिवस हळूच म्हणाल्या, "काचसामानात काही राहत असेल का गं?"

रुपराव मागेच वजनकाटा पुसत होता. त्याने ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून मयुरा आपले फ्लास्क आपणच धुवायला लागली. एकतीस मेला रुपराव रिटायर होणार होता, अन् एकतीस वर्षांची अब्रू शेवटच्या महिन्यात मोरीत वाहून चालली होती. पोरगी फ्लास्क घासायची अन् हा पाठ करून उभा राहायचा. फार लागलं त्याच्या जिवाला.

त्या रविवारी सक्करदऱ्याच्या घरी दुपारी तो तळलेल्या कुरडयांचं ताट घेऊन कूलरसमोर आडवा झाला अन् तिथेच डोळा लागला. उठून एक कुरडई तोंडात टाकली तर चामड्यासारखी.

"काहून वं, नरम तळल्या का?" त्याने बायकोला, जिजाबाईला, हाक मारली.

"माह्या तळणाले नावं नका ठेवू. कूलरच्या हवेत ठेवाल तर सादळणारच ना. मी मिठाची बरणीसुद्धा त्या खोलीत ठेवत नाही, पाणी सुटते तिले."

रुपरावाचा घास तोंडातच राहिला. मीठच आहे, काका. बाहेर पंचेचाळीस डिग्री, ओठ फुटून राहिले, अशा दिवसांत ओल येईल कुठून, म्हणून कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. अन् ओल तर लॅबच्या खिडकीतल्या कूलरच्या पंख्याने आत येत होती. तीही त्यानेच भरलेल्या खसमधून. आपलेच दात अन् आपलेच ओठ. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. गप्प बसलो तर कोणाला कळणार, असंही क्षणभर मनात आलं.

सोमवारी तो डब्यात ताज्या तळलेल्या दोन कुरडया घेऊन गेला. एक मयुराच्या टेबलावर उघडी ठेवली, दुसरी ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या बंद काचपात्रात. मयुरा बघतच राहिली. दोन तासांनी त्याने दोन्ही उचलल्या. काचपात्रातली कुर्रकन मोडली. टेबलावरची नुसती वाकली.

"तुह्या त्या मिठाचंबी हेच होऊन राहिलं," तो म्हणाला. "बाटली उघडली की पाणी पिते ते, मंग जस्त काय ओढंन? कूलर मीच लावला होता, पोरी. चूक माहीच हाय."

मयुराने द्रवातलं पाणी मोजून पाहिलं. मार्चच्या कितीतरी पट. रुपरावाने स्वतःच्या हाताने कूलरचा प्लग काढला. चहावाल्यांनी बोंबाबोंब केली, पण त्याने कोणाचं ऐकलं नाही. द्रव वाळवून प्रयोग पुन्हा करत आठ दिवस दोघांनी घामाच्या धारांत काढले. सत्तावीस तारखेला आकडा आला एक्क्याण्णव.

एकतीस मेला त्याच भट्टीसारख्या लॅबमध्ये निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, समोसे. श्वेता मॅडम त्याच्यापाशी येऊन म्हणाल्या, "रुपरावभाऊ, त्या दिवशी मी चुकीचं बोलले." त्याने समोशांची प्लेट त्यांच्यापुढे केली. पाच वाजले, माणसं पांगली. तो डबा घ्यायला मोरीपाशी गेला, तर तिथे मयुरा उभी, अन् समोर तिचे नऊ फ्लास्क, न धुतलेले.

"काका, उद्या प्रयोगाची शेवटची फेरी आहे," ती म्हणाली. "एवढे धुऊन द्याल?"

रुपरावाने शाल काढून खुंटीला टांगली अन् नळ सोडला.