परातीतला वड

माझ्या हातून आजवर एकच झाड मोठं झालं, आणि ते लहान ठेवण्यासाठी मी आयुष्याची नऊ वर्षं घालवली होती.

त्याचं असं झालं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरला एका प्रदर्शनात मी बोन्साय पाहिलं. वीतभर उंचीची चिंच, आणि तिला चक्क चिंचा लागलेल्या! मी तिथंच वेडा झालो. (आधी नव्हतो, असं माझं म्हणणं. आमच्या घरात याविषयी दोन मतं आहेत.) तेव्हा आम्ही वर्ध्याला लागून पिपरी मेघेत नुकतंच घर बांधलं होतं. मी शाळेत भूगोल शिकवत असे. शाळेच्या विहिरीच्या काठाला एक भेग होती, तिच्यात वडाचं रोप उगवलं होतं. ते मी हळूच सोडवून घरी आणलं. आता बोन्सायला पसरट कुंडी लागते. तशी कुंडी वर्ध्यात मिळेना. स्वयंपाकघरात मात्र एक पितळी परात होती. तिला बुडाशी भोकं पाडून घेतली, की काम झालं!

"अजी, माह्या माहेरची परात होय ते!" माझी बायको कुसुम किंचाळली. तिचं माहेर सिंदीचं. तिथून आलेल्या भांड्याला आमच्या घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल मान होता.

"परत देतो ना."

"भोकं पाडल्यावर?"

मी परात उचलून मागच्या दारानं सटकलो. नवरा म्हणून तेवढी अक्कल मला होती.

पुढची नऊ वर्षं मी त्या वडाची सेवा केली. धाम नदीची वाळू चाळून आणली, कारण आपली काळी माती पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणून फांद्यांना वळण दिलं. कुसुमच्या ब्लाउज कापायच्या कात्रीनं शेंडे खुडले. अधूनमधून झाड उपटून त्याची मुळं कापली. पाणी रोज अर्धा पेला, त्याच्यावर थेंब नाही. उन्हाळ्यात वर्ध्याला जे ऊन पडतं, ते पडायला लागलं की मी परात उचलून कूलरसमोर ठेवत असे. कूलर एकच होता.

"मानसं घामानं निथळून राह्यली, अन् झाड कूलरसमोर!" कुसुम पदरानं वारा घेत म्हणायची. "खायाले देत नाई, प्याले देत नाई, वाढलं की कापता. सुनेले नाई होत एवढा जाच!"

पण झाड असं झालं होतं म्हणता! वीत-दीड वीत उंची, खोड मनगटाएवढं, एका फांदीवरून लोंबणारी नाजूक पारंबी. पुढच्या महिन्यात नागपूरला बोन्सायचं प्रदर्शन होतं. मी नाव नोंदवलं. पहिलं बक्षीस आपलंच, याची मला इतकी खात्री होती, की मी प्रमाणपत्र टांगायला भिंतीला खिळासुद्धा ठोकून ठेवला.

सगळं बिघडलं ते माझ्या तोंडामुळे.

आमच्याकडच्या बायका दरवर्षी वटपौर्णिमेला रस्त्यावरच्या मोठ्या वडाला जायच्या. त्या वर्षी वैशाखाच्या वादळात तो वड आडवा झाला. मग बायकांनी ठरवलं, की बाजारातून फांदी आणायची आणि घरीच पूजा करायची. हे मी सार्वजनिक नळावर ऐकलं, आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. मी तिथंच भाषण ठोकलं, "फांदी तोडून पूजा? अहो, ज्याच्याकडं आयुष्य मागायचं, त्याचाच हात तोडायचा!" हे वाक्य मला इतकं आवडलं, की रांगेतल्या शेवटच्या बाईपर्यंत जाऊन मी ते पुन्हा ऐकवलं.

शेजारच्या राऊतकाकूंनी बादली खाली ठेवली. गल्लीतल्या त्या सगळ्यात वडीलधाऱ्या. म्हणाल्या, "मास्तर बराबर बोलून राह्यले. मुळावरचा, जित्ता वड पुजाले पाह्यजे. तसा कुठं आहे बरं?"

सगळ्या माना एकदम आमच्या ओट्यावरच्या परातीकडं वळल्या.

मी गहिवरलो! नऊ वर्षांत माझ्या झाडाला पहिल्यांदाच कुणी वड म्हणालं होतं. "या, या! सगळ्या या!" मी छाती फुगवून सांगितलं. सगळ्या म्हणजे दोन-चार शेजारणी, असा माझा हिशेब.

पौर्णिमेला सकाळी दार उघडलं तर रांग पार कोपऱ्यापर्यंत! मागची गल्ली, पुढची गल्ली, नळावर येणाऱ्या आणि न येणाऱ्या, सगळ्या नथ घालून हजर. मी अंगणात स्टूल मांडलं, त्यावर परात ठेवली. पहिल्याच मिनिटाला इंगोलेवहिनींनी शंका काढली. त्यांचे यजमान पोस्टात होते आणि शंका काढणं हा घरचाच धंदा होता.

"एवढूशा झाडाले पूजलं तं आयुष्य भी एवढूसंच भेटन का वं?"

"नाई जी," कुसुम घाईनं म्हणाली, "वय मोठं आहे त्याचं. फकत वाढ नाई झाली."

"मंग ठीक आहे. आमच्या ह्यायचं भी तसंच आहे."

मग राऊतकाकूंचे गुडघे आडवे आले. त्यांना फेरे घालवेनात. त्यांनीच तोडगा सांगितला, "मी खुर्चीत बसते, मास्तर. तुमी झाड फिरवा."

"असं कसं?" पुन्हा इंगोलेवहिनी. "आपन झाडाले फेरे घालाचे असते. झाडानंच आपल्याले घातले तं सात जनम कोन कोनाले मांगून राह्यलं, हे वरती कसं समजन?"

"त्यायलेच मांगू द्या एखाद्या वर्षी," काकू म्हणाल्या. "म्या लय मांगलं."

मी परात गोल गोल फिरवली. काकूंनी खुर्चीत बसून दोऱ्याचं टोक धरलं. ही सोय पाहून गल्लीतल्या आणखी बऱ्याच बायकांचे गुडघे दुखायला लागले. दुपारपर्यंत मी परात फिरवत होतो आणि वर हळद, कुंकू, दूध, गूळपाणी, आंब्याच्या फोडी यांचा वर्षाव चालू होता. रोज अर्धा पेला पिणाऱ्या माझ्या झाडावर गडू रिकामे होत होते! शेवटची बाई गेली तेव्हा वड दिसतच नव्हता. पाय मोडलेल्या माणसाच्या प्लॅस्टरमधून चार पानं बाहेर यावीत, तसं काहीतरी त्या परातीत उभं होतं.

मी दोरा काढायला कात्री घेतली.

"खबरदार!" कुसुमनं माझा हात धरला. "कोनाचं कुंकू कापता?"

दोरा राहिला. दूध राहिलं. गूळपाणी राहिलं, आणि मुंग्या आल्या.

तीन-चार दिवसांत पानं पिवळी पडू लागली. पहिलं पान गळलं त्याच सकाळी काकूंच्या यजमानांना, राऊतभाऊजींना, उचकी लागली. एरवी उचकी लागली की काकू म्हणायच्या, "कोनीतरी आठोन काढून राह्यलं." या वेळी त्या गुडघे विसरून धावत आमच्या अंगणात आल्या, आणि जमिनीवरचं पान पाहून मटकन खालीच बसल्या.

झालं! दुसऱ्या पानाला इंगोले सायकलवरून पडले. ते दर आठवड्याला पडत, पण आजवर कुणी पानाशी त्याचा संबंध जोडला नव्हता. तिसऱ्या पानाला कुणाची दाढ ठणकली, चौथ्याला कुणाला पित्त झालं. त्या गल्लीतल्या पुरुषांना माझ्या झाडाच्या आधी कधी साधी शिंकसुद्धा आली नव्हती, असं बायकांचं ठाम मत पडलं.

मग पुरुष यायला लागले. सकाळी कामावर जाण्याआधी एकेक जण फाटकातून डोकावायचा.

"काय म्हनते झाड?"

"बरं आहे."

"काल एवढंच होतं, का जास्त होतं?"

इंगोले तर गळालेलं पान चिमटीत धरून मला विचारत, "मास्तर, हे कोनाचं?" जसं काही मी पानापानांवर नावं घातली होती! राऊतभाऊजींनी नऊ वर्षं माझ्या छंदाची टिंगल केली होती. आता ते भर दुपारी झाडावर छत्री धरून उभे राहू लागले. झाड सावलीत, भाऊजी उन्हात, आणि मधून मधून उचकी.

शेवटी बायकांचं शिष्टमंडळ आलं. काकूंनी निकाल दिला, "मास्तर, ह्याले परातीतून काढा अन् जमिनीत लावा. मोकळं करा त्याले."

"काकू, ते बोन्साय आहे!" मी जवळजवळ रडकुंडीला आलो. "जमिनीत लावलं तर साधा वड होईल. नऊ वर्षं वाया!"

"तुमचे नऊ वर्षं," काकू म्हणाल्या, "अन् आमचे सात जनम!"

मला आधार हवा होता. मी आमच्या शाळेतल्या मेश्राम सरांकडं गेलो. ते विज्ञान शिकवत. त्यांच्या बौद्ध घरात ही पूजा नव्हती, त्यामुळं सबंध गल्लीत शांतपणे पेपर वाचणारा तो एकच नवरा उरला होता. ते झाड बघायला आले, माती बोटानं उकरून पाहिली आणि म्हणाले, "लोकायच्या उचक्यांचा अन् झाडाचा काईच संबंध नाई, मास्तर."

मी त्यांना मिठीच मारणार होतो!

"पन मुळं सडून राह्यली," ते पुढं म्हणाले. "परातीत ठेवाल तं मरन. जमिनीत लावा."

श्रद्धा आणि विज्ञान यांचं माझ्या माहितीत एवढं एकमत कधीच झालं नव्हतं, आणि ते नेमकं माझ्या विरुद्ध झालं. तरी मी अडून बसलो. मेलं तर मेलं, पण आधी नागपूरला जाईल आणि बक्षीस घेईल!

संध्याकाळी घरात आलो तर कुसुम परातीपाशी बसली होती. हातात एक पिवळं पान.

"नेता का नागपूरले?" तिनं विचारलं.

"नाव दिलं आहे."

तिनं पान परातीच्या काठावर ठेवलं. मग दोऱ्यांच्या त्या जाडजूड गुंडाळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "सगळ्यात खालचा दोरा माहा होय. पहाटे उठून बांधला. कोनी याच्या आधी."

जिची परात मी भोकं पाडून बिघडवली, जिला कूलरपासून उठवलं, जी नऊ वर्षं या झाडाच्या नावानं खडे फोडत होती, तिनं सगळ्यांच्या आधी त्याच झाडापुढं माझ्यासाठी हात जोडले होते. मी पुन्हा गहिवरलो. या वेळी खरा! मी कुदळ उचलली.

"घरापासून दूर लावजा," मेश्राम सरांनी जाताना बजावलं होतं. पण माणूस गहिवरला की आळशी होतो. स्वयंपाकघराच्या भिंतीलगत भांड्याचं पाणी मुरून जमीन मऊ झाली होती. तिथंच खड्डा केला. वीतभर झाडाला जागा ती कितीशी लागणार! (हे भूगोलाच्या मास्तरचं मत.)

झाड जगलं. नुसतं जगलं नाही, नऊ वर्षांची भूक एकदम काढायला बसलं. पहिल्याच पावसाळ्यात ते माझ्या कमरेला आलं, दोन वर्षांत पत्र्याला टेकलं. राऊतभाऊजींची उचकी थांबली आणि ते पुढं इतकं जगले, की काकूच एकदा हळूच म्हणाल्या, "मास्तर, पूजेच्या दिवशी पानी जराकसं जास्तच पडलं वाटते." परात कुसुमला परत मिळाली. भोकं असल्यानं पालेभाजी धुवायला ती झकास आहे, हे तिनं मात्र कधी कबूल केलं नाही.

आता आमच्या स्वयंपाकघराचा ओटा एका बाजूनं उचलला गेला आहे, त्यामुळं दूध नेहमी एकाच अंगाला उतू जातं. एक पारंबी खिडकीतून आत आली आहे. तिच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो. दर वटपौर्णिमेला निम्मी पिपरी आमच्या अंगणात असते. रस्त्यावरून पाहिलं, तर एवढ्या मोठ्या वडाखाली कुणीतरी हौसेनं इवलंसं घर ठेवलंय असं वाटतं. भिंतीवरच्या त्या खिळ्याला कॅलेंडर आहे.

आणि माझी साखर वाढली आहे. डॉक्टरांनी सांगितल्यापासून कुसुम मला चहा अर्धा पेला देते, त्याच्यावर थेंब नाही. भात मोजून. सकाळी थोडा वेळ उन्हात बसवते, मग सावलीत हलवते. उन्हाळ्यात कूलरसमोर. कानावर केस आले, की ती ब्लाउजची कात्री घेऊन येते. मी कुठं वाकडा जातोय असं वाटलं, की हाताला धरून वळण देते. आल्या-गेल्याला कौतुकानं दाखवते, "वय पाहा ह्यायचं, अन् अंगानं पाहा, कसे आटोपशीर ठेवले!"

परवा इंगोलेवहिनींनी विचारलं, "काऊन मास्तर, बोन्साय करनं सोडलं का जी?"

"मी सोडलं, वैनी," मी म्हणालो. "आता कुसुम करते."